‘म्हणे’चा लोप : प्राथमिक शाळेतील इतिहास आणि सत्यकथनाचा प्रश्न

मराठीत ‘म्हणे’ हे एक लहानसे अव्यय आहे. वाक्याच्या शेवटी किंवा मध्येच येणारे हे अव्यय सांगणाऱ्याला एका जबाबदारीतून मोकळे करते आणि त्याच वेळी दुसऱ्या जबाबदारीत बांधून घालते. ‘त्या वाड्यात धन पुरले होते म्हणे’ असे सांगणारी आजी धन पुरले होते याची ग्वाही देत नाही. तसे सांगितले जाते, याची मात्र देते. शाळेत न गेलेल्या मुलालाही हा भेद कळतो. ‘आटपाट नगर होते’ असे सुरू झालेल्या गोष्टीतील राजाचे गाव ते कुणाला विचारीत बसत नाही. पण ‘काल वेशीवर बिबट्या आला होता म्हणे’ हे ऐकताच ‘कोणी पाहिला?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. कथनाच्या निरनिराळ्या जाती असतात आणि प्रत्येक जातीचा सत्याशी निराळा करार असतो, ही जाण मूल घरूनच घेऊन येते. शाळेतील इतिहासाचे पुस्तक त्याच्या हाती पडते तेव्हा मात्र या जाणिवेचे काय होते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘म्हणे’ नसते. तेथे ‘होते’, ‘झाले’, ‘केले’, ‘म्हणाले’ अशी निःशंक क्रियापदे असतात. समकालीन पत्राचा आधार असलेली घटना, शे-दीडशे वर्षांनंतरच्या बखरीतून आलेली आख्यायिका आणि कादंबरीकाराने रचलेला संवाद या तिन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच अर्थात आणि एकाच टंकात छापल्या जातात. प्रौढ वाचकाला दुसरा ग्रंथ उघडण्याची सोय असते. नऊ वर्षांच्या मुलाला ती नसते. त्याच्यासमोर एकच पुस्तक असते. ते शासनाने काढलेले असते, गुरुजींनी शिकवलेले असते आणि त्यावर परीक्षा होणार असते. ज्याला पडताळा घेता येत नाही अशा श्रोत्याला वक्त्याने किती खात्रीने काय सांगावे, हा येथील नैतिक प्रश्न आहे. इतिहासाच्या अध्यापनाविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा ‘कोणाचा इतिहास’ आणि ‘कोणता नायक’ याच मुद्द्यांभोवती फिरत राहिली. कथनाची जात कोणती, हा प्रश्न त्यात मागे पडला. वस्तुतः साहित्याच्या अभ्यासकाने हाताळावा असा तोच प्रश्न होता.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत याच ठिकाणी बोट ठेवले आहे. शिक्षणाचा आरंभ कथांनी होतो, कथा बहुतांशी असत्य असतात आणि कोवळ्या मनावर उमटलेला ठसा पुसला जात नाही, हे तो जाणून होता. तेव्हा दायांनी आणि मातांनी कोणत्या कथा सांगाव्यात यावर नगराच्या संस्थापकांनी देखरेख ठेवावी, होमर आणि हेसिअड यांच्या काव्यातील देवांची भांडणे गाळावीत, असे त्याने सुचविले. आणि पुढे नगराच्या ऐक्यासाठी एका उदात्त असत्याचीही तरतूद केली. प्लेटोला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आधुनिक राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ जे करते ते याहून फारसे निराळे नसते. फरक इतकाच, की आपण असत्य सांगत आहोत हे प्लेटोला ठाऊक होते आणि त्याने ते लिहूनही ठेवले.

महाराष्ट्रातील उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने चौथीच्या वर्गासाठी शिवचरित्र लावले आणि तेव्हापासून अर्धशतकभर महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांची इतिहास या विषयाशी पहिली सलग भेट त्याच पुस्तकातून होत आली. २०१४ च्या पुनर्रचनेत विषयाचे नाव ‘परिसर अभ्यास’ झाले, पण दुसऱ्या भागात ‘शिवछत्रपती’ कायम राहिले. मराठी माणसाच्या सामूहिक कल्पनाशक्तीवर एवढा परिणाम करणारा दुसरा ग्रंथ या काळात दाखविता येणे कठीण. असे असूनही मराठी समीक्षेने त्याकडे संहिता म्हणून क्वचितच पाहिले. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना लाभली, त्या कादंबरीच्या कितीतरी पट वाचक असलेले पुस्तक मात्र कोणाला प्रस्तावनेस पात्र वाटले नाही.

या पुस्तकी परंपरेतील सर्वांत लाडका प्रसंग सिंहगडाचा. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि ते त्या लढाईत पडले, याविषयी शंका नाही. परंतु मराठी मुलाला जे ठाऊक असते ते यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप, कड्याला चिकटलेली घोरपड, शेलारमामा, आणि शेवटी राजांच्या तोंडचे ते प्रसिद्ध वाक्य, ज्यावरून गडाला नवे नाव मिळाले. हे सारे कोठून आले? कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होता आणि त्याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, जिंजीस आपली बखर लिहिली. त्या बखरीत घोरपड नाही. मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, एवढेच आहे. राजांचा शोक तेथेही आहे, पण त्यात सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड हातचा गेला, अशा अर्थाचे ते उद्गार आहेत. माणसालाच गड म्हटले आहे. घोरपड आणि रायबाचे लग्न तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर नेले. आणि सिंहाचे ते वाक्य विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचे शीर्षक होऊन मराठीत कायमचे रुजले. याहून महत्त्वाचे असे, की ‘सिंहगड’ हे नाव शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील एका पत्रात आढळते. तानाजींच्या मृत्यूच्या सात वर्षे आधी गडाला ते नाव होते.

आता नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगावे? एक उत्तर असे, की एवढ्याने काय बिघडते? तानाजी तर खरेच होते, शौर्य खरे होते, राजांचे दुःखही खरे होते. नावाची व्युत्पत्ती चुकली तरी मुलाच्या मनात निष्ठेचा संस्कार होतो, हे पुरे. हे उत्तर तुच्छ लेखण्यासारखे नाही. ज्या शिक्षकाने साठ मुलांच्या वर्गात हा पाठ शिकवताना शेवटच्या बाकावरच्या पोराचे डोळे भरून आलेले पाहिले असतील, त्याला पत्राचा सनावळीसह दाखला देणे म्हणजे रसभंग वाटणार. तरीही या उत्तरात एक चोरवाट आहे. संस्कारासाठी सत्याला थोडी मुरड घालण्याची सवलत एकदा घेतली, की ती मुरड कोणत्या संस्कारासाठी आणि कोणाच्या सोयीने घालावयाची हे ठरविण्याचा अधिकार बलवत्तर पक्षाकडे जातो. तानाजींच्या बाबतीत ती निरुपद्रवी असेल; पुढच्या पाठात ती तशी असेलच असे नाही.

शिवाय रस पत्राने भंगतो, हे गृहीतकच तपासून पाहण्याजोगे आहे. सभासदाचे उद्गार मुलांना सांगितले तर त्यांना कळणार नाहीत काय? माणूस गेला म्हणजे गड गेला, ही कल्पना सिंहाच्या उपमेपेक्षा अधिक खोल आणि अधिक करुण आहे. राजा जिंकूनही हरल्याचे त्यात आहे. आणि मग असे सांगता येते, की ‘पुढे शाहिरांनी ही गोष्ट गायली. त्यांच्या गोष्टीत घोरपड आली. ती खरीच होती का? एवढा कडा चढले कसे, याचे लोकांना नवल वाटले आणि त्या नवलातून ती आली असावी.’ घोरपड वर्गातून हाकलून देण्याचे कारण नाही. ती लोकांच्या नवलाची साक्षीदार म्हणून वर्गात राहू शकते. फक्त तिच्या शेपटीला ‘म्हणे’ बांधलेले हवे.

धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण येथे होते. युधिष्ठिराने असत्य उच्चारले नाही. खरे तेच तो बोलला, पण त्यातील जो भाग ऐकू जाऊ नये अशी सोय होती तो हळू बोलला. जमिनीच्या वर चालणारा त्याचा रथ तेवढ्याने खाली आला. पाठ्यपुस्तकाचे असत्य बहुधा याच जातीचे असते. लेखकसमितीतील इतिहासज्ञाला पत्र ठाऊक असते, बखरीचा काळ ठाऊक असतो. कदाचित शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत ते बारीक अक्षरात आलेही असेल. मुलांपर्यंत पोहोचतो तो ‘अश्वत्थामा’ एवढाच शब्द.

हेडन व्हाइट याने १९७३ च्या ‘मेटाहिस्टरी’त इतिहासग्रंथही अद्भुतरम्य, शोकात्म, सुखात्म वा उपरोधात्म अशा कथानकरूपांतच घडतात असे प्रतिपादन केले. त्याच्या सिद्धांताचे सारे निष्कर्ष स्वीकारण्याची गरज नाही. परंतु शालेय इतिहास अद्भुतरम्य कथेच्या साच्यात बसविला जातो, हे पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो. संकट, गुरुजन, सवंगडी, अजस्र शत्रू, युक्ती, विजय आणि अभिषेक अशी ही चढती वाट असते. मराठीत या साच्याला आणखी एक बळ मिळते आणि ते थेट व्याकरणातून येते. नायक ‘आले’, ‘म्हणाले’. प्रतिनायक ‘आला’, ‘म्हणाला’. आदरार्थी अनेकवचनाची ही वाटणी पुरावा मांडण्यापूर्वीच निवाडा करून टाकते. एकवचन मराठीत प्रेमाचेही असते. आई ‘ती’ असते, विठोबा ‘तो’ असतो, जिजाऊंचा ‘शिवबा’ही एकवचनीच. पण अफजलखानाचे ‘तो’ या जातीचे नव्हे, हे मुलाला कोणी न सांगता कळते. विजापूरचा बादशहा एकवचनात, विजापूरच्या चाकरीतील मराठा सरदार मात्र पुष्कळदा अनेकवचनात, अशी गंमतही या लेखनात सापडते. शब्दांतून न सांगितलेली ही शिकवण सर्वांत पक्की असते, कारण ती शिकवण आहे असे कोणाच्या लक्षातच येत नाही.

‘आपण’ या सर्वनामाचेही तसेच. मराठीने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा सूक्ष्म भेद केला आहे. ‘आम्ही’त ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये सामावला जातो. ‘आपले राजे’, ‘आपले गड’ असे वाक्य वर्गात उच्चारले जाते तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येक मुलाला त्यात शिरण्याचे आमंत्रण असते. पाठ अफजलखानाच्या वधापाशी येतो आणि ज्या मुलाच्या नावात खान किंवा शेख आहे त्याच्याकडे दोन-चार डोळे वळतात. तेव्हा गुरुजींचा ‘आपण’ क्षणभर ‘आम्ही’ होऊन जातो. पुस्तकात त्या मुलाविरुद्ध एक अक्षरही नसते. उलट खानाच्या सैन्यात मराठे सरदार होते आणि महाराजांच्या पदरी सिद्दी इब्राहिम व नूरखान बेग होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता, हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे आणि शिकवताही येते. खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. पण १० नोव्हेंबर १६५९ ची भेट ज्या चित्रातून मुलांच्या मनात उतरते त्या चित्रात दोनच माणसे मावतात.

२००९ च्या सप्टेंबरात गणेशोत्सवात मिरजेत दंगल उसळली ती या भेटीच्या चित्राच्या कमानीवरून. त्याआधी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. निमित्त एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचे होते. या घटनांची कारणे त्या त्या काळच्या राजकारणात शोधावी लागतील; चौथीच्या पुस्तकावर त्यांचे खापर फोडणे हा अन्याय होईल. तरीसुद्धा भांडारकर मंदिरातील प्रसंग एका गोष्टीचा विचार करावयास लावतो. ज्या कागदांवाचून शिवचरित्राची एक ओळही लिहिता येत नाही, अशा कागदांच्या घरावर शिवभक्तीच्या नावाने हात उगारला जातो, याचा अर्थ भक्ती आणि कागद यांचा संबंध कधी कोणी दाखवूनच दिला नाही, असा होतो. इतिहास हा सापडलेल्या, वाचलेल्या, ताडून पाहिलेल्या कागदांतून उभा राहतो. राजवाडे पायपीट करून दप्तरे गोळा करीत हिंडले ते त्यासाठीच, हे वयाच्या नवव्या वर्षी कळले नाही तर पुढे बहुतेकांना ते कळण्याची संधी येत नाही. दहावीनंतर इतिहासाशी संबंध उरतो तो मिरवणुकीपुरता.

येथे मानसशास्त्राचा आक्षेप पुढे येईल. पियाजेच्या विचाराला धरून १९६० च्या दशकात इंग्लंडात हॅलम यांनी मुलांच्या इतिहासविषयक विचारशक्तीचा अभ्यास केला आणि अमूर्त ऐतिहासिक तर्क सोळाव्या वर्षाच्या आसपासच जमू लागतो, असा निष्कर्ष काढला. मग चौथीच्या मुलासमोर पुराव्याची चिकित्सा कशी मांडावी? उलट ब्रूनर यांनी १९६० मध्येच असा पक्ष घेतला होता, की कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला बौद्धिक प्रामाणिकपणा न सोडता काही एका रूपात शिकविता येतो. या दोन पक्षांत निवाडा करण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची फारशी आवश्यकता नाही. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात एक जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाच्या आजोबांचे नाव सापडते, आणि नावासमोर जन्मतारीख असते, १ जून. त्यांच्यामागच्या नावाचीही १ जून. पुढच्या पानावर आणखी कितीतरी जणांची तीच. सबंध गाव एकाच दिवशी जन्मले काय, असे मुले हसून विचारतील. आणि मग गुरुजींना सांगावे लागेल, की तेव्हा जन्माची नोंद कोणी ठेवत नसे, पोराला शाळेत घालताना मास्तर अदमासाने वय ठरवीत आणि जूनची पहिली तारीख टाकून देत. कागद खोटे बोलला नाही आणि खरेही बोलला नाही. कोणी, कशासाठी लिहिला ते विचारावे लागते. पुराव्याच्या चिकित्सेचा हा पहिला धडा होय. त्याला कोणतीही अमूर्त संज्ञा लागत नाही.

ज्या मुलाला आजोबांची १ जून उमगली त्याला खुद्द शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वादही उमगू शकतो. एका पिढीने १६२७ हे साल पाठ केले होते. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी मिळाली, परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला, आणि वादविवाद होता होता राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. जयंती तारखेने की तिथीने हा घोळ त्यानंतरही राहिलाच. हे सगळे मुलांपासून लपविण्यासारखे आहे काय? थोर पुरुषाच्या जन्माचा दिवस शोधण्यासाठी माणसांनी शंभर वर्षे खटपट केली, यात त्याचा अधिक्षेप नाही. खटपट ज्याच्यासाठी होते त्याचे मोठेपणच त्यातून दिसते.

यापेक्षा अधिक गंभीर असा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. कागदपत्रे ज्यांच्या दप्तरांत राहिली, लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनी ‘पुरावा कोठे आहे’ असे इतरांना विचारणे सोपे असते. ज्या जातींना दप्तर नव्हते त्यांचा इतिहास कथेत, गाण्यात, पोवाड्यातच शिल्लक राहिला. त्यावर ‘म्हणे’चा शिक्का मारणे म्हणजे त्यांचे उरलेसुरले धनही बुडीत खात्यात टाकणे नव्हे काय? जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर रचना केली ती पुराव्याची वाट पाहत बसून नव्हे. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती केली, असे त्यांनी सांगून टाकले. हा आक्षेप शब्दांच्या कसरतीने टाळता येणार नाही. मात्र फुल्यांच्या कृतीचे नाव पाहावे. त्यांनी तिला ‘पवाडा’ म्हटले. कथनाची जात शीर्षकातच नोंदविली, हेतू आरंभीच उघड केला, आपण कोणाच्या बाजूने बोलत आहोत हे लपविले नाही. वाचकाशी इतका सरळ करार करणारे पाठ्यपुस्तक मराठीत विरळाच. याच्या उलट ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथाचा मराठी अवतार लवकरच शाळांत आला तो ‘मराठ्यांची बखर’ या नावाने. नाव बखरीचे आणि मिजास प्रमाणभूत इतिहासाची. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६८ च्या सुमारास तिच्यावर टीका लिहिली, तेव्हा त्याने अस्सल साधने कोणती आणि ती पाहिली कोणी, हाच प्रश्न विचारला होता. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाला विचारलेल्या त्या प्रश्नातून मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा सुरू झाली, हे विसरता येत नाही. दप्तर नसलेल्यांच्या बाजूने पाहिले तरी कथनाची जात उघड करणे हिताचेच ठरते. कारण ‘हे पोवाड्यात आहे’ असे म्हणताच ‘ते बखरीत आहे, आणि ती बखर अमक्याच्या चाकराने लिहिली’ असेही म्हणावे लागते. ‘म्हणे’ एकट्या गरिबाच्या गोष्टीला लावून चालत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘म्हणे’ सर्वत्र शिंपडले तर तोही खोटेपणाच होईल. अफजलखान आणि शिवाजी महाराज यांची भेट झाली ‘म्हणे’, असे कोणी शिकवू लागला तर तो चिकित्सक ठरणार नाही. तो बेजबाबदार ठरेल. पुरंदरचा तह १६६५ मध्ये झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले, १६६६ च्या ऑगस्टात महाराज आग्र्याहून निसटले, हे ‘म्हणे’ नव्हे. ते पेटाऱ्यात बसून निसटले की वेषांतराने, येथे अभ्यासकांत मतभेद आहेत. तेथे ‘म्हणे’ हवे. खात्रीची अशी वाटणी करणे हे कौशल्याचे काम आहे आणि प्राथमिक शिक्षकाला त्यासाठी कोणी तयार केलेले नाही. जनगणना, निवडणूक आणि शालेय पोषण आहार यांतून उरलेल्या वेळात त्याने जेधे शकावली वाचावी, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. म्हणून हे काम पुस्तकानेच त्याला करून द्यावयास हवे. पाठाच्या प्रत्येक पानावर, मुलाला वाचता येईल अशा अक्षरात.

ते होईपर्यंत प्रश्न परीक्षेच्या कागदावर राहतो. रिकाम्या जागा भरा : ‘तानाजींच्या स्मरणार्थ कोंढाण्याचे नाव ........ असे ठेवण्यात आले.’ वर्गातील एखाद्या मुलीने कोठून तरी ते पत्र ऐकलेले असेल, आणि जागा मोकळी सोडून तिने बाजूला लिहिले असेल, ‘ते आधीच होते’. उत्तरसूचीत एकच शब्द छापलेला असतो. तिच्या गुरुजींना ती एक जागा तपासून लाल शाईने काहीतरी लिहावे लागेल.